हाक, अंदाज आणि नोंद

मराठवाड्यातील 'हॉटेल' या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहू नये. आमच्या परभणी जिल्ह्यात उतरण्याच्या जागेला हॉटेल म्हणत नाहीत, ते 'लॉज'. पोटभर जेवण मिळते ती 'खानावळ', आणि गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बाजेवर बसून जेवतात तो 'ढाबा'. हॉटेल म्हणजे दर्शनी बाजूला धगधगणारी भट्टी, तिच्यावर चहाचे पातेले, शेजारी भज्यांची कढई, काचेच्या कपाटात शेवचिवडा, आत चार बाकडी आणि दाराशी गल्ला. पुढे पाट्यांवर 'रेस्टॉरंट' हा शब्द दिसू लागला तेव्हा त्याच्याआधी 'फॅमिली' हे विशेषण हटकून येई. जुन्या हॉटेलात फॅमिलीला जागा नव्हती, याची ती अप्रत्यक्ष कबुलीच म्हणायची.

उपाहारगृहे आणि तंत्रज्ञान या विषयावर जे लिहिले जाते ते बहुधा मुंबई-पुण्याचे किंवा बंगळुरूचे असते. ताटे वाहून आणणारी यंत्रमानवी गाडी, बसायला एकही खुर्ची नसलेले आणि केवळ घरपोच मागण्या पुरवणारे स्वयंपाकघर, असे काहीबाही त्यात असते. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आम्ही मोठ्या ठसक्याने सांगतो, पण असले काही आमच्याकडे आलेले नाही. आणि तरीही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत येथील हॉटेल चालवण्याची रीत मुळापासून बदलली आहे. हा बदल गाजावाजा न करता झाल्यामुळे त्याच्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेले नाही. विद्यार्थिदशेत आम्ही परभणीत काही वर्षे खानावळीत जेवलो आणि हॉटेलात बसलो. अलीकडे जिंतूर, सेलू, गंगाखेड, पूर्णा असे फिरताना पुन्हा बसलो. त्या दोन बसण्यांमध्ये जे अंतर पडले, त्याचा हिशेब मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्या हॉटेलाचे प्रयोजन आधी समजून घेतले पाहिजे. जिल्ह्यात नऊ तालुके; २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या १८,३६,०८६, पैकी परभणी शहराची ३,०७,१७०. उरलेल्यांपैकी बहुतेकांचे काम तालुक्याच्या गावी पडते ते तहसिलीत, कोर्टात, मोंढ्यात, बँकेत किंवा दवाखान्यात. या प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते आणि थांबायला जागा नसते. साहेब जेवायला गेलेले असतात, तारीख दुपारनंतर पुकारली जाणार असते, एसटी तासाभराने लागणार असते. हा सारा थांबलेला जिल्हा हॉटेलात बसतो. एका हाफ चहाच्या मोबदल्यात डोक्यावर छप्पर, प्यायला पाणी, वाचायला कालचा किंवा आजचा पेपर आणि बोलायला माणूस मिळतो. भूक ही त्या मानाने दुय्यम गोष्ट. हॉटेलाची मुख्य विक्री 'बसणे' ही होती. चहा हे त्याचे भाडे.

हे हॉटेल चालत असे हाकेवर. ऑर्डर घेणारा पोऱ्या टेबलापाशी उभा राहूनच भट्टीकडे तोंड करून ओरडे, "दोन हाफ, एक भजे, एक पोहे तर्री मारून!" गिऱ्हाईक उठून दाराकडे निघाले की तोच पोऱ्या आतून गल्ल्याला पुकारे, "चष्मेवाले काका, बावीस! मागचे तिघे, चाळीस! लाल रुमाल, अठरा!" कागद नाही, पेन्सिल नाही. दहा-बारा टेबलांचे हिशेब एका डोक्यात, आणि माणसाची ओळख त्याच्या चष्म्यावरून, टोपीवरून, खांद्यावरच्या रुमालावरून. या एका हाकेत व्यवस्थेची तीन कामे होत. तिने स्वयंपाकघराला मागणी कळे, गल्ल्याला बिल कळे आणि पैसे न देता कोणी सटकू नये याची राखणही होई, कारण सगळे हॉटेल ती हाक ऐके. सगळे हॉटेल ऐके, याची दुसरीही बाजू होती. ज्याचे 'अडीच रुपये' पुकारले जात, त्याने नुसता हाफ चहा घेऊन दोन तास काढले हेही सर्वांना कळे.

ही हाक मारणारे बहुतेक दहा-बारा वर्षांचे असत, हे सांगितल्यावाचून तिचे गुणगान करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या स्मरणशक्तीचे आम्ही कौतुक करत होतो, ती एखाद्या शाळेच्या बाकावर असायला हवी होती. घरकामाला आणि ढाबे, हॉटेले, चहाच्या टपऱ्या येथे चौदा वर्षांखालील मुलांना ठेवण्यास केंद्र सरकारने बंदी घातली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. बंदीने सगळी मुले एका रात्रीत शाळेत गेली असे झाले नाही. काही दर्शनी भागातून उचलून मागच्या मोरीवर कपबश्या विसळायला बसवली गेली. पण हळूहळू हाक मारणारा गेला. त्याच्या जागी मोठा वेटर आला, तो परप्रांतीय असला तर त्याला लाल रुमालवाल्याचे नाव-गाव ठाऊक नसे, आणि मग हातात कागदाचे चिठोरे आले. म्हणजे हाक बंद पडण्याची सुरुवात यंत्राने केली नाही, कायद्याने केली, आणि ते योग्यच झाले.

येथे एका जुन्या यंत्राची गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन या गावी जेम्स रिटी नावाचा एक मद्यगृहाचा मालक होता. नोकर गल्ल्यातले पैसे खिशात घालतात या त्रासाने तो गांजलेला होता. युरोपच्या प्रवासात जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र त्याच्या पाहण्यात आले आणि फेरे मोजता येतात तर पैसे का मोजता येऊ नयेत, असे त्याच्या मनात आले. १८७९ साली त्याने आणि त्याच्या भावाने मिळून पहिल्या कॅश रजिस्टरचे पेटंट घेतले. पुढे या यंत्राला घंटा बसली. प्रत्येक विक्रीला घंटा वाजे आणि मालक मागच्या खोलीत असला तरी त्याला कळे की गल्ला उघडला. उपाहारगृहाच्या धंद्यातील पहिले मोठे यंत्र अशा रीतीने अविश्वासातून जन्मले, आणि त्याने केलेली मुख्य गोष्ट म्हणजे आवाज.

आमच्या जिल्ह्यात कॅश रजिस्टर असे कधी फारसे आलेच नाही. आम्ही हाकेवरून थेट दुसऱ्या आवाजावर उडी मारली. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही व्यवस्था सुरू झाली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या. जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारांवर दुकानदाराकडून घेतला जाणारा आकार शून्य झाला. आणि पाठोपाठ करोनाने नोटेला हात लावण्याचीच भीती घातली. गल्ल्यावर चौकोनी ठिपक्यांचा कागद चिकटला. ही क्यूआर खूण १९९४ साली जपानमध्ये मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी निघाली होती. ती आता गंगाखेडच्या स्टँडसमोर चहाच्या पातेल्यामागे वाफ खात उभी आहे. परंतु ज्याचे हात बेसनात आहेत त्याने मोबाईल उघडून पैसे आले की नाही हे कसे पाहावे? शिवाय कोणी जुन्याच व्यवहाराचे चित्र दाखवून निघून जाई. म्हणून बोलणारी डबी आली. पैसे जमा झाले की ती रकमेचा पुकारा करते. ज्या हॉटेलातून पोऱ्याची हाक गेली होती, त्यात दहा-बारा वर्षांनी पुन्हा हाक घुमू लागली, फक्त ती आता हसत नाही, चिडत नाही आणि तिचे दरमहा भाडे द्यावे लागते.

या दोन हाकांत एक फरक आहे आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. पोऱ्याची हाक सांगे की कोणी किती द्यायचे आहेत. डबी सांगते की किती आले. कोणाचे, ते सांगत नाही. पूर्णा येथील एका हॉटेलमालकांनी ही अडचण आम्हाला अगदी नेमकी सांगितली. "पैसे आलेले कळायलेत, पण कोणाचे आले ते कळंना. गर्दीत तिघांनी दहा-दहा टाकले अन् चौथा बी त्यांच्यासंगं निघाला, तर काय करावं? मान वर करून तोंडं बघावीच लागतात." म्हणजे यंत्राच्या उरलेल्या अर्ध्या कामासाठी चेहरे ओळखणारा माणूस अजून लागतोच.

फायदे कमी नाहीत. चिल्लर नसली की हातावर लिमलेटची गोळी ठेवण्याची जुलमी प्रथा संपली. रात्री गल्ला मोजून पिशवी काखेत मारून अंधारातून घरी जाण्याची भीती कमी झाली. तेल-साखरेचे पैसे किराणा दुकानदाराला बसल्या जागी पोचतात. मात्र बशीत बडीशेपेसोबत उरलेली नाणी सोडून उठण्याची रीतही त्याबरोबर गेली. फोनवर बरोब्बर दोनशे सदतीस रुपये दिले जातात. वेटरच्या वाट्याचे तेरा रुपये कोणी बुडवले नाहीत, ते आपोआप नाहीसे झाले.

यापेक्षा खोल बदल झाला तो उधारीत. जुन्या हॉटेलात गल्ल्याखाली लाल कापडी पुठ्ठ्याची लांब वही असे. तिच्यात नावे असत ती कोर्टकागदावरची नव्हेत: 'बोरीचे पाटील', 'टेलर', 'बँकेतले नवे'. जिल्ह्याचा पैसा वर्षाला एकदोनदा येतो. सोयाबीन आणि कापूस मोंढ्यात गेला की दिवाळीच्या आगेमागे हातात चार पैसे खेळतात, आणि मध्यंतरीचे महिने उधारीवर निघतात. २०१२-१३ चा दुष्काळ, पुढे २०१४ आणि २०१५ ही ओळीने कोरडी गेलेली दोन वर्षे. अशा काळात हॉटेलाची वही फुगत जाई. कोणाला किती द्यावे, कोणाला आता पुरे म्हणावे आणि कोणाचे पान गुपचूप फाडून टाकावे, हा सगळा निर्णय गल्ल्यावरच्या माणसाच्या पारखीचा असे. त्यात दया होती, तशी मिजासही होती. विशिष्ट आळीतल्या माणसाला ही वही कधीच उघडत नसे, हेही आम्हाला ठाऊक आहे.

आता ही वही बारीक होत चालली आहे. खिशात फोन आहे म्हणजे पैसे आहेत, असे गृहीत धरले जाते. 'सुट्टे नाहीत, उद्या देतो' हे सभ्य निमित्त उरलेले नाही. गरिबाला उधार मागताना जे एक आडपडद्याचे वाक्य मिळत असे, ते तंत्रज्ञानाने काढून घेतले. वहीच्या जागी खाताबुकसारखी अॅपही आली आहेत. त्यांत थकबाकी लिहिली की देणेकऱ्याच्या फोनवर आठवणीचा संदेश जातो. सेलूच्या एका मालकांच्या मुलाने उत्साहाने ते सुरू केले आणि वडिलांनी महिन्याभरात बंद करवले. कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "मेसेज गेला की माणूस यायचाच बंद होतो. मी सांगतो कसं? 'काय दादा, दिसला नाहीत लई दिवस.' एवढ्यात त्याला समजतं." मागणे आणि मागितल्याचे न दाखवणे या दोन्ही गोष्टी ज्या वाक्यात एकदम साधतात, तसे वाक्य अॅपला लिहिता येत नाही. ते वाक्य म्हणणाऱ्याला समोरच्याची परिस्थिती ठाऊक असावी लागते.

हाकेनंतर येतो तो अंदाज. आचाऱ्याची विद्या अंदाजाची. मूठभर, चिमूटभर, 'तेल बोलू लागेपर्यंत' ही त्याची मापे. ही विद्या कोणाला शिकवायची नाही, यावर त्याचा पगार अवलंबून असे. फॅमिली रेस्टॉरंटांत आता बिलाचे सॉफ्टवेअर आले आहे. अहमदाबादच्या एका कंपनीने तर आपल्या सॉफ्टवेअरचे नावच 'पेटपूजा' ठेवले आहे. अशा सॉफ्टवेअरांत प्रत्येक पदार्थाची कृती ग्रॅममध्ये भरून ठेवता येते. एक पनीर मसाला विकला की साठ्यातून तितके पनीर, तितके तेल, तितका कांदा आपोआप वजा होतो. रात्री शिल्लक जुळली नाही तर प्रश्न आचाऱ्याला. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून बहुतेक उपाहारगृहांचा दर पाच टक्के ठरला. त्याच्या हिशेबासाठी म्हणून आलेले यंत्र बघता बघता स्वयंपाकघरात शिरले. चोरी कमी झाली हे मालक सांगतात आणि ते खरे असावे. रिटीचीच ती चिंता होती. पण सोबत आणखी काही घडले. एकदा स्वयंपाकघरात गेलेली मागणी रद्द करायची तर मालकाचा सांकेतिक शब्द लागतो. भाजी खारट झाली असे गिऱ्हाईक म्हणाले तर वेटर पूर्वी गल्ल्याकडे बघून खूण करी आणि ती भाजी बिलातून जाई. आता मालक गल्ल्यावर नसतात. ते घरून कॅमेऱ्यात पाहतात आणि फोनवर दिवसाची बेरीज वाचतात. माफ करण्याचा अधिकार ज्याला आहे, तो माणूस जागेवर नाही, ही नव्या व्यवस्थेची मोठी खूण आहे.

यंत्राने पदार्थही बदलले. या शतकाच्या पहिल्या दशकात मराठवाड्याने भारनियमनाचे लांबच लांब तास सोसले. तेव्हा हॉटेलात फ्रिज असला तरी तो कपाटाच्या कामाचा होता, आणि म्हणून पदार्थही त्या दिवशी करून त्याच दिवशी संपणारे असत: पोहे, भजी, चुरमुऱ्यांची सुशीला. वीज टिकू लागली, इन्व्हर्टर आले, डीप फ्रीज आला, आणि मेनूकार्डावर पनीरचे वीस प्रकार उगवले. पनीर ही आमच्याकडे फ्रिजची देणगी आहे. दुधाच्या दृष्टीने पाहावे तर परभणीत खवा पूर्वीही होत असे.

मात्र एका पदार्थाने यंत्राला दाद दिलेली नाही. गव्हाच्या पोळ्या लाटून भाजणारी यंत्रे मोठ्या खानावळीत बसली आहेत, पण ज्वारीची भाकरी अजून हातावरच थापली जाते. कारण साधे आहे. गव्हाच्या पिठाला ताण देणारे ग्लुटेन ज्वारीत नसते. ते पीठ गरम पाण्यात मळून, हाताच्या दाबाचा अंदाज घेत घेतच वाढवावे लागते, लाटायला गेले की कडा फाटतात. आमचे कृषी विद्यापीठ १९७२ साली स्थापन झाले. 'परभणी मोती' हे ज्वारीचे वाण त्याचेच, आणि लोह व जस्त अधिक असलेले 'परभणी शक्ती' हे वाण २०१८ साली आले. ज्वारी सुधारली, भाकरी थापणारीचे दिवस सुधारलेले नाहीत. परभणीच्या खानावळींच्या मागील बाजूस आजही दोन-तीन बाया चुलीसमोर बसून शेकड्याने भाकऱ्या थापतात. यंत्र येऊ शकत नाही म्हणून त्यांचे काम टिकले आहे. पण त्या कौशल्याला यंत्राच्या किमतीइतका मान मात्र मिळालेला नाही. 'यंत्राने माणसाचे काम जाते' एवढेच म्हणून थांबणाऱ्यांनी या बायांची मजुरी एकदा विचारून पाहावी.

राहता राहिले घरपोच जेवण. २००८ साली मेनूकार्डांची यादी म्हणून सुरू झालेली झोमॅटो आणि २०१४ साली बंगळुरूत निघालेली स्विगी या दोन कंपन्यांनी महानगरे व्यापल्यावर लहान शहरांकडे मोर्चा वळवला, आणि परभणीच्या वसमत रोडवरही पाठीवर पेटी घेतलेली पोरे दिसू लागली. येथे एक गंमत पाहण्यासारखी आहे. अॅपवर काय चालेल हे चवीपेक्षा वाफ ठरवते. बंद डब्यात वीस मिनिटे राहिलेले भजे मऊ पडते, पोह्यांचा गोळा होतो, चहाला तर गल्ल्यासमोर उभे राहण्याखेरीज अर्थ नाही. बिर्याणी, नूडल्स, पनीर आणि केक तेवढे हा प्रवास सोसतात. त्यामुळे साधे हॉटेल या जगात शिरतच नाही, आणि जे शिरते त्याला बिलाचा मोठा हिस्सा दलाली म्हणून सोडावा लागतो. देशातल्या उपाहारगृह मालकांच्या संघटनेने ऑगस्ट २०१९ मध्ये या कंपन्यांच्या सवलतीच्या योजनांतून बाहेर पडण्याची मोहीम काढली होती. पुढे संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये चौकशीचा आदेश दिला. मालकांची एक मोठी तक्रार दलालीइतकीच माहितीविषयी होती: आमचे जेवण कोण जेवतो, हे कंपनीला कळते आणि आम्हाला कळत नाही. ज्या धंद्याची सारी भिस्त 'चष्मेवाले काका' ओळखण्यावर होती, त्या धंद्याची ही तक्रार आहे हे लक्षात घेतले म्हणजे तिचे दुःख कळते.

आता जी गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते तिच्याकडे येऊ. हॉटेल बसण्याची जागा होती असे आम्ही म्हटले, पण कोणाला? बायकांना नव्हती. त्यांच्यासाठी पुढे 'फॅमिली रूम' निघाल्या, म्हणजे लाकडी फळ्यांचे खोपटे आणि त्याला मळका पडदा. आणि दलितांना? दारातच उकिडवे बसणे, वेगळी ठेवलेली कपबशी आणि ती स्वतः विसळून पालथी घालणे, हा मराठवाड्यातील अनेक गावांच्या हॉटेलांचा इतिहास आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही तेथे मज्जाव करता येणार नाही. मूलभूत हक्कांत हॉटेलाचे नाव घालावेसे वाटणे यातच सारे आले. ज्यांनी ते घातले त्यांना ठाऊक होते की एका बाकावर बसून एकाच घाटाच्या कपात चहा पिणे ही या देशात राज्यघटनेने हमी देण्याजोगी गोष्ट आहे.

तंत्रज्ञानाने या प्रश्नाचे काय केले? कागदी कप आला आणि वेगळ्या कपबशीचा पुरावा नष्ट झाला; सर्वांचाच कप फेकण्याचा झाल्यावर भेद दिसायचा बंद झाला. घरपोच सेवेमुळे परभणीतली बाई पडद्यामागे न बसता हवे ते मागवू शकते, कोणाची परवानगी न घेता. मुलीही आता चौघी-चौघी मिळून कॅफेत बसतात. त्यांचे त्यांनी ठरवलेले असते आणि पैसे फोनमधून जातात. या गोष्टी लहान नाहीत. पण भेद गेला का? जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका गिऱ्हाईकाने जेवण आणणारा हिंदू नाही म्हणून मागणी रद्द केली, आणि अन्नाला धर्म नसतो, असे कंपनीला जाहीरपणे सांगावे लागले. त्याच कंपनीने मार्च २०२४ मध्ये शुद्ध शाकाहारींसाठी हिरव्या गणवेशाचे वेगळे पथक काढले आणि टीका होताच वेगळा गणवेश दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. वेगळी कपबशी दारातून गेली आणि फोनच्या पडद्यावर येऊ पाहत होती. फरक एवढाच की हॉटेलात ज्याला ती मिळे तो निदान समोर उभा राहून भांडू शकत होता.

परभणीत हा विषय पुस्तकी नाही. १० डिसेंबर २०२४ रोजी येथील रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, आणि पुढे न्यायालयीन कोठडीतील एका तरुणाच्या मृत्यूने सारा महाराष्ट्र हादरला. ज्या ग्रंथात हॉटेलातल्या बाकाचा हक्क लिहिलेला आहे, त्याच्याभोवती हे घडले. अशा गावात लोक एकमेकांसमोर बसण्याच्या जागा वाढत आहेत की कमी होत आहेत, हा प्रश्न धंद्यापुरता राहत नाही.

शेवटी नोंद. हाक हवेत विरे, अंदाज माणसाबरोबर जाई. नोंद मात्र राहते. नोंदीमुळे बँकेच्या दारात कधी उभ्या न राहिलेल्या चहावाल्याला रोजची उलाढाल दाखवून कर्ज मागता येते. त्याच नोंदीमुळे जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, आणि बंगळुरूतल्या कित्येक टपऱ्यांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. शेजारच्या राज्यातली ही बातमी आमच्याकडच्या गल्ल्यांवरही वाचली गेली. लाल वहीतली नोंद मालकाची होती. तो ती फाडू शकत असे. नवी नोंद बँकेची, कंपनीची आणि सरकारची आहे. ज्याच्याबद्दल ती आहे त्याला ती फाडता येत नाही, बहुधा नीट वाचताही येत नाही.

जुने हॉटेल परत यावे असे आमचे म्हणणे नाही. पोऱ्याचे बालपण, फॅमिली रूमचा पडदा आणि दारातली कपबशी यांच्यासकट ते परत येईल, आणि ते कोणालाही नको असावे. नव्या यंत्रांना विचारायचा प्रश्न मात्र त्या हॉटेलानेच आम्हाला शिकवला आहे. वेग किती वाढला आणि चोरी किती थांबली हे मालकाने विचारावे. गावाने विचारावे ते हे की तारखेला आलेला आणि खिशात दहा रुपये असलेला माणूस दुपारभर कोठे बसेल, त्याला नावाने कोण हाक मारील, आणि ज्या वर्षी पाऊस येणार नाही त्या वर्षी त्याचा चहा कोण लिहून ठेवील. जिंतूरच्या स्टँडजवळ अशी एक जागा आम्ही पाहिली. बोलणारी डबी गल्ल्यावर ठेवलेली आहे, आणि ती घसरू नये म्हणून तिच्याखाली लाल वही आहे. वही वापरात आहे का, असे आम्ही विचारले. मालक म्हणाले, "औंदा पाऊस बरा हाय. पण काढून नाही ठेवली."